घरातले नभोवाणी केंद्र

आपल्या आवडीची गाणी निवडावीत, ती एका सूत्रात गुंफावीत, मध्ये मध्ये चार शब्द बोलावेत आणि ते सारे आप्तेष्टांना ऐकवावे, ही हौस काही आजची नव्हे. ज्या घरी ग्रामोफोन असे, त्या घरी तबकड्या निवडण्याचा मान कोणाचा, यावरून भावंडांत जुंपत असे. 1952 साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानींच्या आवाजासाठी घरोघरी बुधवारची रात्र राखून ठेवली जाऊ लागली. पुढे 1963 साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली, तेव्हा कार्यक्रम रचण्याचा अधिकार प्रथमच श्रोत्याच्या हाती आला. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. शेवटचे गाणे ऐन अंतऱ्यात तुटू नये म्हणून वहीत मिनिटा-सेकंदांच्या बेरजा मांडणारे रसिक पुष्कळांना आठवत असतील.

त्याच हौसेचा आजचा अवतार म्हणजे पॉडकास्ट. हा शब्द 2004 साली बेन हॅमर्सली या इंग्रज पत्रकाराने 'गार्डियन' पत्रातील एका लेखात प्रथम वापरला. 'आयपॉड' हे खिशातले वाद्ययंत्र आणि 'ब्रॉडकास्ट' म्हणजे प्रक्षेपण, या दोहोंची ती संधी. अर्थ एवढाच की, नभोवाणीसारखा कार्यक्रम तयार करून ठेवावयाचा आणि श्रोत्याने तो आपल्या सवडीने ऐकावयाचा. बुधवारपर्यंत थांबावयास नको, नि बुधवार चुकला म्हणून हळहळावयासही नको.

परंतु कार्यक्रम तयार करावयाचा म्हणजे स्टुडिओ आला, यंत्रे आली, तंत्रज्ञ आले आणि मुख्य म्हणजे खर्च आला, अशी पुष्कळांची समजूत असते. वाचकहो, ती समजूत आज खरी राहिलेली नाही.

फुकटची, पण हलकी नव्हे

साधा संगणक, एक बरासा मायक्रोफोन आणि कानाला लावावयाचे हेडफोन एवढी सामग्री पुरे. उरलेला सारा स्टुडिओ 'ऑडॅसिटी' नावाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये सामावलेला आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग या दोघांनी 1999 साली ते हाती घेतले आणि 2000 साली जगाला देऊन टाकले. ध्वनिमुद्रण, कापाकापी, जोडणी, सफाई ही सर्व कामे ते करते. किंमत काही नाही.

फुकट मिळते म्हटल्यावर गृहिणीच्या मनात शंका येणारच. फुकटच्या मालात काहीतरी खोट असावयाचीच! पण येथे प्रकार निराळा आहे. अशा सॉफ्टवेअरला 'ओपन सोर्स' म्हणतात. हलवायाकडची चकली आपण विकत आणतो, तेव्हा चकली मिळते, पण भाजणीचे प्रमाण मिळत नाही. शेजारच्या काकू मात्र चकली देतात आणि भाजणीचे प्रमाणही सांगतात. त्यात ओवा वाढवावा की तीळ घालावे हे ज्याने त्याने ठरवावे आणि सुधारलेले प्रमाण पुढच्या शेजारणीला तितक्याच मोकळेपणाने सांगावे. ओपन सोर्सचा धर्म हाच.

या धर्माची कसोटी 2021 साली लागली. त्या वर्षी ऑडॅसिटी म्यूज ग्रुप या कंपनीच्या ताब्यात गेले आणि वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्यासंबंधीच्या कंपनीच्या नव्या नियमांवरून पुष्कळ गदारोळ उठला. नाराज मंडळींनी नुसती ओरड केली नाही. प्रमाण सर्वांना ठाऊक होतेच, तेव्हा त्यावरून 'टेनॅसिटी' नावाची निराळी आवृत्ती काढण्याचे काम त्यांनी सुरू केले. मालक बदलला तरी पाककृती लोकांपासून हिरावून घेता आली नाही.

ट्रंकेतल्या तबकड्या

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समजा, आजोबांच्या ट्रंकेत 78 फेऱ्यांच्या नाट्यगीतांच्या जुन्या तबकड्या आहेत आणि त्यांतून चाळीस मिनिटांचा कार्यक्रम करावयाचा आहे. तबकडीची एक बाजू सुमारे सव्वातीन मिनिटांची. म्हणजे दहा पदांना बत्तीस-तेहेतीस मिनिटे लागली आणि निवेदनाला सात-आठ मिनिटे उरली. दहा पदांच्या कार्यक्रमात यापेक्षा अधिक बोलू नये. लोक गाणे ऐकावयास बसलेले असतात.

प्रथम तबकडी स्वच्छ करावी. येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची. या तबकड्या लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तेव्हा स्पिरिट, कोलन वॉटर असले काही चुकूनही लावू नये. ऊर्ध्वपातित पाण्याने किंचित ओला केलेला मऊ कपडा पुरतो. मधला कागद मात्र भिजू देऊ नये.

दुसरी गोष्ट सुईची. जुन्या तबकडीची चर लाँगप्ले तबकडीपेक्षा रुंद असते, म्हणून तिला सुमारे तिप्पट जाड टोकाची, खास 78 फेऱ्यांची सुई लागते. बारीक सुई चरीच्या तळाशी घसरत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच अधिक गोळा करते. चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुईने तबकडी पुन्हा पुन्हा वाजवण्याचा मोहही टाळावा. प्रत्येक वादनाबरोबर चर झिजते.

हल्लीच्या पुष्कळ टर्नटेबलांवर 78 चा वेग नसतो, केवळ 33 आणि 45 असतात. तरी निराश होण्याचे कारण नाही. योग्य सुई बसवून तबकडी 45 फेऱ्यांवर वाजवावी नि ते ध्वनिमुद्रण संगणकात घ्यावे. बालगंधर्व घोगऱ्या आवाजात रेंगाळत गाऊ लागतील, पण घाबरू नये. ऑडॅसिटीत वेग बदलण्याची जी सोय आहे, तीत 45 वरून 78 असे निवडले की आवाज आपल्या पट्टीवर येतो. तरीही कान उघडे ठेवावेत. फार जुन्या तबकड्यांचा वेग नेमका 78 असेच असे नाही. गाणे पट्टीपेक्षा चढे किंवा उतरे वाटले, तर घरातल्या हार्मोनियमवर सूर धरून थोडा वेग मागेपुढे करावा.

खडे वेचावेत, तांदूळ नव्हे

संगणक आवाज साठवतो तो सेकंदाला 44,100 नोंदी घेऊन. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. माणसाचा कान सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, आणि कोणतेही कंपन नीट टिपावयाचे तर त्याच्या दुपटीहून अधिक नोंदी लागतात. या हिशेबाने एका वाहिनीचा चाळीस मिनिटांचा कार्यक्रम 'वेव्ह' प्रकारात सुमारे 210 मेगाबाइट जागा घेतो. तोच शेवटी एमपी-थ्री प्रकारात नेहमीच्या 128 किलोबिटच्या दराने काढला म्हणजे चाळिसाच्या आत बसतो. मात्र मूळ मुद्रण 'वेव्ह' किंवा 'फ्लॅक' प्रकारात तसेच्या तसे जपून ठेवावे आणि सारी कापाकापी त्याच्या प्रतीवर करावी.

आता खरखर. ऑडॅसिटीत 'नॉइज रिडक्शन' नावाची सोय आहे. गाणे सुरू होण्यापूर्वी सुई नुसतीच फिरत असते, तो एखाद्या सेकंदाचा तुकडा निवडून 'खरखर म्हणजे हे' असे यंत्राला दाखवून द्यावयाचे. मग ते साऱ्या पदातून तेवढीच खरखर कमी करते. सुनेला तांदळातले खडे कसे दिसतात ते एकदा दाखवावे, तसेच हे. पण अति उत्साह कामाचा नाही. सारीच खरखर काढावयास गेलात तर गाणाऱ्याच्या आवाजातली धार जाते आणि तो विहिरीच्या तळातून गातो आहे असे वाटू लागते. थोडी खरखर राहू द्यावी. तबकडी जुनी आहे हे श्रोत्याला ठाऊक असते, आणि त्याचे त्याला वाईट वाटत नाही.

कपाट हाच स्टुडिओ

निवेदनासाठी उत्तम जागा म्हणजे साड्यांनी आणि रजयांनी भरलेले उघडे कपाट. आवाज कपड्यांत मुरतो, घुमत नाही. पंखा बंद करावा, शिट्टी व्हावयाचा कुकर आधी उतरवावा आणि शक्यतो रात्रीची वेळ निवडावी. मायक्रोफोन तोंडापासून एक वीत दूर आणि किंचित बाजूला असावा. प, फ, ब, भ ही अक्षरे फुंकर मारतात. ती सरळ मायक्रोफोनवर गेली की फटाका फुटल्यासारखा आवाज येतो.

लिहून काढलेले वाचू नये, टिपणावरून बोलावे. पदाचा राग, नाटक, साल, गाणाऱ्याचे नाव आणि त्या तबकडीशी घराचे असलेले नाते एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. 'मानापमान' 1911 साली रंगभूमीवर आले आणि त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ही माहिती कोणत्याही ग्रंथात मिळेल. पण ही तबकडी आजीने कोणत्या पैशांतून घेतली, हे कोणत्याही ग्रंथात सापडावयाचे नाही.

मग पदे आणि निवेदने पडद्यावर एकाखाली एक मांडावीत. गाणे हळूहळू वर यावे, हळूहळू विरावे, याची सोय आहे. बोलणे सुरू होताच पार्श्वसंगीत आपोआप खाली यावे यासाठी 'ऑटो डक' आहे. मुख्य पाहुणे बोलावयास उभे राहताच सनईवाल्याने न सांगता आवाज उतरवावा, तसेच त्याचे वागणे असते. त्यासाठी निवेदनाची पट्टी संगीताच्या पट्टीच्या लगेच खाली असावी लागते. शेवटी सर्व पदांची आणि निवेदनांची पातळी सारखी करावी. 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' येथे उणे 16 हा आकडा घातला की श्रोत्याला दर पदाला आवाज कमीजास्त करीत बसावे लागत नाही.

गाणे कोणाचे?

येथवर सारी मौज झाली, आता जबाबदारी. स्वतःच्या घरात गाणे वाजवणे निराळे आणि जगाला वाटणे निराळे. 1957 च्या आपल्या कायद्याप्रमाणे आज ध्वनिमुद्रिकेवरील हक्क ती प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर साठ वर्षे चालतो. म्हणजे 1960 सालच्या तबकडीवरील हक्क 2020 च्या अखेरीस संपला. परंतु तबकडी मोकळी झाली म्हणजे गाणे मोकळे झाले असे नव्हे! शब्दांवर कवीचा आणि चालीवर संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतरही साठ वर्षे असतो. 'मानापमाना'चे कर्ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 1948 साली वारले, टेंबे 1955 साली. म्हणून त्यांचे शब्द आणि चाली दोन्ही आज मोकळ्या आहेत. 1960 सालचे एखादे चित्रपटगीत मात्र, तबकडी मोकळी असूनही, शब्द आणि चाल यांच्या हक्कात अडकलेले असू शकते. अमेरिकेतला हिशेब आणखी निराळा. तेथे 1923 ते 1946 मधील ध्वनिमुद्रिकांना शंभर वर्षे संरक्षण आहे. नव्या गाण्यांसाठी परवानगी घ्यावी, नाहीतर कलावंतांनी 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली स्वखुशीने मोकळी केलेली गाणी वापरावीत. हौशी माणसालाही कायदा सुटत नाही, आणि कलावंताच्या घामाचा मान राखणे हे रसिकाचेच काम आहे.

हक्कांची खात्री झाली म्हणजे प्रसारण अगदी सोपे. फाईल 'इंटरनेट अर्काइव्ह'सारख्या सार्वजनिक ग्रंथागारात विनामूल्य ठेवता येते. तिचा पत्ता, नाव आणि तारीख 'आरएसएस' नावाच्या एका छोट्या यादीत लिहावयाची. श्रोत्याचा फोन ही यादी अधूनमधून पाहतो आणि नवा भाग दिसला की उतरवून घेतो.

जी तबकडी कधी निघालीच नाही

पण ट्रंकेत तबकड्या नसतील तर? तर कार्यक्रम अधिकच मोलाचा होईल. मंगळागौरीची गाणी, भोंडल्याची गाणी, जात्यावरच्या ओव्या यांवर कोणा एकाचा हक्क नाही, आणि त्या म्हणणाऱ्या बायकांच्या तबकड्या कोणत्याही कंपनीने काढल्या नाहीत. पुण्याचे गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा हे धन किती मोठे आहे ते कळले. घराघरातले बाकीचे धन अजून तसेच आहे. त्याची दुसरी प्रत नाही.

दिवाळीत सारे घर एकत्र जमते. फराळाची ताटे उचलली गेली की पंखा बंद करून आजींसमोर, एक वीत अंतर सोडून, मायक्रोफोन ठेवावा. आरंभी त्यांचे नाव, माहेरचे गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावी. ही ध्वनिमुद्रिका बाहेर ऐकवावी की नाही, हेही त्यांनाच विचारावे. त्या आधी 'इश्श, माझा आवाज आता कसला!' असे म्हणतील. यंत्र त्याच्याआधीच सुरू केलेले असावे आणि ते वाक्य कापू नये.