संकेतस्थळाचा साचा : काय दाखवावे, काय झाकावे?

निविदेची अंतिम तारीख उलटली की तिची सूचना अनेक संकेतस्थळांच्या मुखपृष्ठावरून आपोआप नाहीशी होते. त्यासाठी मध्यरात्री कोणी कर्मचारी संगणकापुढे बसलेला नसतो. संकेतस्थळाच्या साच्यात लिहून ठेवलेली अट हे काम करते. वरवर तांत्रिक भासणाऱ्या या अटीचा संबंध नागरिकांच्या माहितीच्या हक्काशी पोहोचतो.

अटींचे स्वरूप

ड्रुपल, वर्डप्रेस, जूमला यांसारख्या आशय-व्यवस्थापन प्रणालींमध्ये मजकूर व मांडणी स्वतंत्र ठेवलेली असते. मजकूर माहितीकोशात साठवला जातो. तो पानावर कसा उमटावा, हे साचा ठरवतो. साच्यात ‘इफ’ व ‘एल्स’ या शब्दांनी अट घालता येते : अमुक असेल तर हा भाग दाखवा, अन्यथा दुसरा. ही अट बहुधा तारीख, वाचकाचा अधिकार, भाषा किंवा रकाना भरलेला आहे की रिकामा, यांवर आधारलेली असते.

झाकणे आणि न पाठवणे

या दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. अट सर्व्हरवर तपासली गेल्यास वगळलेला मजकूर वाचकाच्या संगणकापर्यंत पोहोचतच नाही. याउलट, केवळ शैलीच्या आज्ञेने झाकलेला मजकूर पोहोचतो, फक्त दिसत नाही. पानाचा मूळ कोड उघडणारा कोणीही तो वाचू शकतो. म्हणून लाभार्थ्याच्या बँक खात्याचा क्रमांक अशा रीतीने झाकणे म्हणजे तो उघड करण्यासारखेच होय.

रिकाम्या रकान्याचा प्रश्न

रकाना रिकामा असेल तर शीर्षकासह तो भाग गाळावा, ही प्रथा साच्यांमध्ये सर्रास आढळते. पान त्यामुळे नीटनेटके दिसते. मात्र माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. त्यांत अर्थसंकल्पीय तरतूद, तसेच अनुदान कार्यक्रमांच्या रकमा व लाभार्थ्यांचा तपशील यांचा समावेश आहे. अनुदानाचा रकाना भरलाच गेला नाही आणि साच्याने शीर्षकही गाळले, तर अशी माहिती मिळावयास हवी होती, हेच नागरिकाला उमगत नाही. कसूर घडते, पण दिसत नाही.

व्यवहारातील एका पक्षाकडे दुसऱ्यापेक्षा अधिक माहिती असणे, याला अर्थशास्त्रात माहितीची विषमता म्हणतात. या विषयावरील कार्यासाठी अकेरलॉफ, स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रिकामा रकाना लपविणारा साचा ही विषमता नकळत वाढवतो.

यावरील उपाय खर्चिक नाही. कायद्याने बंधनकारक असलेल्या बाबींचे शीर्षक कधीही गाळू नये. ‘एल्स’च्या जागी ‘ही माहिती अद्याप प्रसिद्ध झालेली नाही’ एवढे एक वाक्य लिहावे. उणीव डोळ्यांसमोर राहिली, तरच ती भरून काढण्याची मागणी करता येते.