पडदा झाकून अ‍ॅप तपासताना
लेखमाला : मोबाइल सर्वांचा (लेखांक 6)

मलाजखंड ही मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातली, तांब्याच्या खाणीभोवती वसलेली वस्ती. हिंदुस्तान कॉपरचा प्रकल्प इथे 1982पासून आहे. बालाघाट जिल्ह्याला लागूनच आपला गोंदिया, त्यामुळे या भागात मराठी घरं आहेत. शाळा मात्र हिंदी, आणि बैहरच्या बाजूच्या गावांत गोंडीही कानावर पडते. अशा घरातलं मूल 49 हा आकडा घरी ‘एकोणपन्नास’ म्हणतं आणि वर्गात ‘उनचास’. डोळस मुलाचं त्यामुळे काही अडत नाही, कारण त्याला आकडा दिसतो. ज्याला दिसत नाही, त्याला तो फोन वाचून दाखवतो. आणि फोनने तो कुठल्या भाषेत वाचायचा, हे अ‍ॅप बनवणाऱ्याने आधी सांगून ठेवावं लागतं.

शिकण्याचं अ‍ॅप सुगम आहे की नाही, हे तपासायला मी नेहमी इथूनच सुरुवात करतो. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत. नुसत्या अक्षरांवरून भाषा ओळखणं यंत्राला दरवेळी जमत नाही. मजकुरामागे ‘ही मराठी आहे’ अशी खूण नसेल, तर हिंदी आवाज मराठी धडा वाचायला घेतो. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च त्याला एकच. गणितात तर फारच पंचाईत होते. मराठीतलं उदाहरण चालू असताना मध्येच ‘पच्चीस’ ऐकू येतं आणि मुलाचा धागा तुटतो. उलटंही तितकंच खरं : फोन मराठीत आणि पाठ हिंदी असेल, तर गुरुजी सांगतात एक आणि फोन म्हणतो दुसरंच. डब्ल्यूसीएजी या सुगमतेच्या जागतिक निकषांमध्ये भाषेच्या खुणेचा निकष पहिल्या, म्हणजे अगदी किमान पातळीवर ठेवला आहे. तरीही भारतीय भाषांच्या अ‍ॅपमध्ये तो तपासायचा राहून जातो, कारण तपासणारा बहुधा डोळ्यांनी तपासतो.

म्हणून डोळे बाजूला ठेवायचे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक हे पडदा वाचून दाखवणारं साधन असतं. ते सुरू करा आणि त्याच्याच मेनूतून पडदा झाकून टाका. आता एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टॅप केलं की ती उघडते. या स्थितीत एकच काम पूर्ण करायचं : इयत्ता निवडायची, धडा उघडायचा, त्याखालचा एक प्रश्न सोडवायचा, उत्तर पाठवायचं आणि ते बरोबर आलं की चूक, हे समजून घ्यायचं. मधे कुणाला विचारायचं नाही.

पहिल्याच पानावर ‘बटण, बटण, बटण’ एवढंच ऐकू आलं, तर बटणांवरच्या चित्रांना नावं दिलेली नाहीत हे उघड आहे. धडा उघडल्यावर फोन गप्प बसला, तर तो धडा बहुतेक पुस्तकाच्या पानाचा फोटो आहे. त्यात अक्षरंच नाहीत. मराठीत आणखी एक जुनं दुखणं आहे. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांची खिचडी असते आणि फोन तीच वाचत सुटतो. महाराष्ट्रात असं साहित्य अजून ढिगाने आहे. ते पुन्हा टाइप करायला माणसं आणि पैसा दोन्ही लागतात, हे मान्य. पण नवं अ‍ॅप काढताना तीच पीडीएफ उचलून आत टाकणं याला कसलीही सबब नाही.

मग येतं ‘जोड्या लावा’. बोटाने ओढून नेण्याचा हा खेळ पाहणाऱ्या मुलांना आवडतो. न पाहणाऱ्याला आणि ज्याचा हात थरथरतो त्यालाही तो बंद दाराइतकाच निरुपयोगी. ऑक्टोबर 2023मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2ने यासाठी वेगळा निकषच घातला : ओढण्याला नुसत्या टॅपचा पर्याय हवा. बटणं किमान 24 बाय 24 पिक्सेलची हवीत, हेही त्यातच आहे. अँड्रॉइडची स्वतःची शिफारस तर याच्या दुप्पट, 48ची.

आता पडदा उघडा आणि फोनमधली अक्षरं सर्वांत मोठी करा. कमी दिसणारी मुलं फोन असाच वापरतात. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत देवनागरी मोठी झाली की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. ‘दान’ आणि ‘दीन’ यांत फरक कळेनासा होतो. बरोबर उत्तर नुसतं हिरवं आणि चूक नुसतं लाल दाखवलं असेल, तर रंग न ओळखणाऱ्या मुलाला निकाल कळतच नाही. शेजारी ‘बरोबर’ हा शब्द लिहिला की काम भागतं. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांतला फरक 4.5 : 1 पेक्षा कमी नको. हे मोजणारी साधनं मोफत मिळतात. गूगलचं अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कॅनर त्यातलंच एक.

मात्र स्कॅनरच्या अहवालावर थांबू नये, असं माझं ठाम मत आहे. बटणाला नाव आहे की नाही, एवढं स्कॅनर सांगतो. ते नाव ‘इमेज 47’ असलं तरी त्याचं समाधान होतं. अपूर्णांकाच्या चित्रामागे ‘तीन छेद चार’ लिहिलंय का, हे ऐकणाऱ्या माणसालाच कळतं. तेव्हा शेवटची तपासणी रोज टॉकबॅक वापरणाऱ्या मुलाकडून किंवा शिक्षकाकडून करून घ्यावी, आणि त्या कामाचे पैसे द्यावेत.

यातलं काहीच आता मर्जीचा प्रश्न राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016चा. त्याच्या नियमांतली सुगमतेची मानकं नुसत्या शिफारशींसारखी राहून चालणार नाहीत, ती बंधनकारक हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितलं. 30 एप्रिल 2025च्या प्रज्ञा प्रसून निकालाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा कलम 21मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. तो खटला केवायसीचा, म्हणजे बँकेसारख्या ठिकाणी ओळख पटवण्याचा होता. पण बँकेचं खातं उघडताना जो हक्क आहे, तो पाचवीचं गणित उघडताना नाही, असं कोण म्हणेल? केंद्राचं दीक्षा हे शिक्षणाचं व्यासपीठ 2017पासून चालू आहे, पुस्तकांवरच्या क्यूआर कोडमधून मुलं त्याच्यापर्यंत पोहोचतात. त्याच्याशिवाय खासगी अ‍ॅपही शाळा सर्रास सुचवतात. सुचवण्याआधी वरची तपासणी करायला मुख्याध्यापकांना एक दुपार पुरते. अ‍ॅप नापास झालं, तर कुठल्या पानावर काय अडलं हे बनवणाऱ्याला लेखी कळवावं, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या अ‍ॅपवरचा गृहपाठ सक्तीचा करू नये.

कर्णबधिर मुलांसाठी व्हिडिओ कसे तपासायचे, आपोआप उमटणाऱ्या मराठी अक्षरपट्ट्या कुठे फसतात आणि भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी पडद्यावर किती मोठा हवा, हे पुढच्या आठवड्यात पाहू.