दारं उघडी असताना : बडोद्याच्या फाइन आर्ट्समधल्या प्रदर्शनांचा मागोवा

बडोद्याच्या ललित कला शाखेत गेल्या सत्तर वर्षांत जी प्रदर्शनं झाली, त्यांतलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं प्रदर्शन कुठल्याही नामवंताचं नाही. ते दरवर्षीच्या परीक्षेचं आहे. उन्हाळा तापला की महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या या आवारातले स्टुडिओ रिकामे होतात, इझल कोपऱ्यात जातात, भिंती साफ होतात आणि मुलांनी वर्षभर केलेलं काम परीक्षकांसाठी मांडलं जातं. मुलं त्याला ‘डिस्प्ले’ म्हणतात. परीक्षकांनी पाहिलेलं काम गावानेही येऊन पाहावं, अशी इथे रीत पडली. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका गावापुढे उघड्या ठेवण्याचं धैर्य दुसरी कुठली विद्याशाखा दाखवते?

या रीतीची मुळं विद्यापीठाहून जुनी आहेत. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्यांना बडोद्याला बोलावलं, १८९० मध्ये कलाभवन उभं केलं, कमाटी बागेत संग्रहालय आणि चित्रसंग्रह उभारला. पुढे कीर्तिमंदिराच्या भिंती नंदलाल बोस यांनी रंगवल्या. थोडक्यात, चित्र ही बघायला जाण्याची गोष्ट आहे हे बडोदेकरांना दोन-तीन पिढ्या ठाऊक होतं. मात्र संग्रहालयात जे पाहायचं, ते बहुतेक काळाने निवडून ठेवलेलं. शेजारच्या गल्लीत खोली घेऊन राहणाऱ्या मुलाने या वर्षी काय केलं, हे पाहायची सोय तोवर नव्हती.

ती सोय १९५० साली झाली. विद्यापीठ आदल्याच वर्षी स्थापन झालं होतं. हंसा मेहता कुलगुरू होत्या आणि मार्कंड भट्ट यांच्याकडे नव्या ललित कला शाखेची सूत्रं होती. पुष्पबागेतल्या वास्तूत वर्ग सुरू झाले. चित्रकलेला नारायण श्रीधर बेंद्रे, शिल्पाला शंखो चौधुरी, आणि १९५१ पासून के. जी. सुब्रमण्यन. बेंद्रे इंदूरचे, मराठी घरातले. निसर्गचित्रांसाठी तोवर देशभर नावाजलेले. बडोद्यात आल्यावर मात्र त्यांनी विद्यार्थ्यांच्या बरोबरीने नव्याने शोध सुरू केला. घनवादी रचना करून पाहिल्या, सपाट रंगांची मांडणी करून पाहिली. गुरूच्या कामातली चाचपड विद्यार्थ्यांना रोज दिसत होती. बेंद्रे यांनी दिलेला सर्वांत मोठा धडा मला हाच वाटतो.

मग १९५६ मध्ये ‘बडोदा ग्रुप’ झाला. बेंद्रे, सुब्रमण्यन, ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम रसूल संतोष, रतन परिमू, रमेश पंड्या अशी मंडळी. शिक्षक आणि कालपरवा पदवी घेतलेले विद्यार्थी एकाच भिंतीवर आले. त्या काळच्या कलाशाळांमध्ये वडीलधाऱ्यांचा जो दबदबा असे, तो लक्षात घेतला तर ही मांडणी किती धाडसाची होती ते कळतं. पुढे ही मंडळी मुंबईला आली, जहांगीरमध्ये त्यांचं काम लागलं, आणि बडोदा हे नाव कलाजगतात घेतलं जाऊ लागलं. बेंद्रे यांनी १९६६ मध्ये बडोदं सोडलं. तोवर शाखेची घडी पक्की बसली होती.

साठच्या दशकात सुरू झालेली फाइन आर्ट्सची जत्रा म्हणजेच ‘फाइन आर्ट्स फेअर’ पुष्कळ जण गंमत म्हणून बाजूला ठेवतात. मला ती प्रदर्शनांच्या इतिहासातच धरावीशी वाटते. मोठमोठे शिल्पकार-चित्रकार तिथे खेळणी करत, बाहुल्या करत, मुखवटे करत आणि गावातली माणसं ती विकत घेऊन घरी नेत. सुब्रमण्यन यांनी या जत्रेसाठी केलेली खेळणी आठवा : लाकडाचे साधे ठोकळे, त्यांना जोडलेले चामड्याचे तुकडे, डोळ्यांच्या जागी मणी. हात फिरवला की प्राणी ओळखू यावा, इतकंच काम केलेलं आणि बाकीचं मुलाच्या कल्पनेवर सोडलेलं. ते शांतिनिकेतनातून आलेले. कारागिरी आणि कला वेगळी मानायची नाही, हा त्यांचा आग्रह व्याख्यानांतून जेवढा पोचला, त्याहून जास्त या खेळण्यांतून पोचला असं मला वाटतं. नवरात्रातला फाइन आर्ट्सचा गरबाही असाच गावाचा झाला.

पुन्हा डिस्प्लेकडे येतो, कारण तिथे जे दिसतं ते खासगी कलादालनात दिसत नाही. मुद्राचित्रण विभागात एका विद्यार्थिनीने एकाच जस्ताच्या पत्र्याचे सगळे ठसे ओळीने टाचलेले मी पाहिले आहेत. पहिल्या ठशात नुसत्या सुईच्या रेषा, तेवढाच भाग आम्लात खाल्लेला. पुढच्यात राळेची पूड भाजून आणलेली करडी छटा. त्यापुढच्यात ती छटा जास्त झाली म्हणून घासून काढलेला एक कोपरा, आणि तो घासल्याचा पांढुरका डाग शेवटच्या ठशात चक्क उजेड होऊन बसलेला. दालनात विकायला लावताना यातला एकच ठसा लागतो, शेवटचा. इथे सगळा रस्ता दिसतो. ज्योती भट्ट न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकून १९६६ च्या सुमारास परतले आणि या विभागाला बळ आलं. पुढे पी. डी. धुमाळ यांच्यासारख्यांनी ते टिकवलं. नसरीन मोहमदी १९७२ पासून शेवटपर्यंत इथे शिकवत होत्या. त्यांच्या त्या काटेकोर रेषा आज जगभरच्या संग्रहालयांत लागतात.

सत्तरच्या दशकात गुलाममोहम्मद शेख, भूपेन खख्खर यांच्याबरोबर माणसांची, गल्लीबोळांची, गोष्ट सांगणारी चित्रं आली. १९८१ चं ‘प्लेस फॉर पीपल’ हे गाजलेलं प्रदर्शन मुंबई-दिल्लीत झालं. त्यात आपले सुधीर पटवर्धनही होते. पण त्याची खरी उलटतपासणी झाली ती बडोद्यात, १९८७ मध्ये. के. पी. कृष्णकुमार, अॅलेक्स मॅथ्यू आणि त्यांच्या केरळी मित्रांनी शाखेच्याच आवारात ‘क्वेश्चन्स अँड डायलॉग’ हे प्रदर्शन भरवलं. सोबतचं निवेदन अनिता दुबे यांनी लिहिलं. बाजाराच्या मागे जाणाऱ्या कलेवर तर त्यात हल्ला होताच, पण आधीच्या पिढीच्या कथनपर चित्रकारांनाही त्यांनी सोडलं नाही. त्या पिढीतले काही जण याच शाखेत शिकवत होते. ज्यांच्यावर टीका, त्यांच्याच अंगणात ती टीका भिंतीवर लावायची आणि संस्थेने जागा द्यायची! कृष्णकुमार १९८९ मध्ये गेले आणि तो गट विखुरला. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. पण विद्यापीठाचं दालन कशासाठी असतं, याचा त्याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही.

हे सगळं सांगायचं ते २००७ नीट समजावं म्हणून. ९ मे २००७ रोजी बाहेरचा एक जमाव डिस्प्ले चालू असलेल्या आवारात शिरला. मुद्राचित्रणाच्या एका विद्यार्थ्याच्या कामाने धार्मिक भावना दुखावल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. पोलिसांनी त्या मुलालाच अटक केली. विद्यापीठ त्याच्या मागे उभं राहिलं नाही. दोन दिवसांनी विद्यार्थ्यांनी जे उत्तर दिलं ते मला आजही अभिमानाचं वाटतं. त्यांनी घोषणा लिहिल्या नाहीत. कला-इतिहास विभागाच्या संग्रहातून भारतीय शिल्पातल्या आणि चित्रांतल्या शृंगाराच्या प्रतिमा काढल्या आणि त्यांचं प्रदर्शन मांडलं. देवळांच्या भिंतींवर शेकडो वर्षं उघड्यावर असलेलं सगळं एका ओळीत समोर ठेवलं. ते बंद करा असा हुकूम आला. प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला आणि त्यांना निलंबित करण्यात आलं. विभागाच्या संग्रहाला सील लागलं. मुंबईसह देशभर कलावंत रस्त्यावर उतरले. मुलगा काही दिवसांनी जामिनावर सुटला.

मे २०२२ मध्ये पुन्हा तेच घडलं. देवदेवतांच्या आकृतींत बलात्काराच्या बातम्यांची वर्तमानपत्री कात्रणं वापरलेल्या कामावरून गदारोळ झाला आणि विद्यापीठाने एका विद्यार्थ्याला काढून टाकलं. त्या कामातला राग बातम्यांबद्दलचा होता, हे पाहायला कुणी थांबलं नाही.

या दोन घटनांनी नुकसान मुलांचं झालं, तसंच गावाचंही झालं. कच्चं काम दाखवायला विश्वास लागतो. समोरचा माणूस आधी विचारेल, मग बोलेल, असा विश्वास. तो गेला की मुलं सावध होतात, शिक्षक सावध करतात, आणि भिंतीवर तेच लागतं ज्यावर कुणाचं काही म्हणणं नसेल. चांगलं काम आजही होतं, बडोद्यात खासगी दालनंही आहेत. पण तिथे येतो तो घेणारा किंवा जाणकार. संध्याकाळी सहज म्हणून आत डोकावणारा बँकेतला माणूस, मुलीचा हात धरून आलेली आजी, ही मंडळी विद्यापीठाच्या आवारातच येत होती.

आधीच्या वर्षांचं बरंच काही सुदैवाने वाचलं आहे. ज्योती भट्ट यांनी कॅमेऱ्याने टिपलेले वर्ग, जत्रा आणि माणसं, तसंच सुब्रमण्यन, शेख आणि परिमू यांच्याकडची कागदपत्रं एशिया आर्ट आर्काइव्हने डिजिटल करून सर्वांसाठी खुली केली आहेत. हे व्यक्तींनी जपलेलं धन आहे. संस्थेने स्वतः करायचं काम वेगळं आहे : दरवर्षीच्या डिस्प्लेची छायाचित्रांसह साधी सूची छापावी, कोणत्या वर्गाने काय मांडलं त्याची नोंद ठेवावी, तारखा आधी गुजराती आणि मराठी वर्तमानपत्रांतून जाहीर कराव्यात, आणि कुणाची तक्रार आलीच तर त्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या शिक्षकाला सर्वांसमक्ष आपल्या कामाबद्दल बोलू द्यावं. १९८७ मध्ये या आवाराने गुरुजनांवरची टीका ऐकून घेतली होती. येत्या उन्हाळ्यात निदान मुलांचं म्हणणं तरी ऐकून घ्यावं.