वासोट्याच्या पायथ्याचं मेट इंदवली गाव रिकामं का झालं?

थंडी पडली की वासोटा ट्रेकचे ग्रुप भरू लागतात. सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीहून बोटीनं शिवसागर जलाशय ओलांडला की आपण उतरतो मेट इंदवलीला. इथे वनविभागाची चौकी आहे, गाव मात्र नाही.

गाव गेलं कुठे?
मेट म्हणजे किल्ल्याखालची पहाऱ्याची वस्ती. १९६०च्या दशकात कोयना धरणाचं पाणी चढलं आणि खोऱ्यातली शेतं, जुन्या वाटा बुडाल्या. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य आलं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. इथली माणसं दुसरीकडे हलवली गेली. आज चढाच्या सुरुवातीला ओढ्याकाठी मारुती भेटतो; त्याचे गावकरी नाहीत.

जाताना लक्षात ठेवा
वनविभागाची परवानगी लागते. सोबतच्या प्लास्टिकची चौकीवर नोंद होते, ते परत आणावंच लागतं. गडावर मुक्कामाला बंदी आहे.

आणखी एक गोष्ट. ज्या पाण्यावरून आपण बोटीनं जातो, त्याखाली गेलेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी म्हणून कोयना प्रकल्पग्रस्तांची आंदोलनं अगदी अलीकडच्या वर्षांतही झाली आहेत. धरणाला साठ वर्षं उलटून गेल्यावरही.