पायाखालचे जंगल टिपताना

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीत जाणाऱ्यांचे कॅमेरे बहुधा धबधब्यांकडे आणि धुक्याकडे वळतात. त्याच वाटेवर, बुटांखाली, पालापाचोळ्याचा ओला थर पसरलेला असतो. तो पाहायचा तर गुडघे टेकावे लागतात. मग कुजक्या फांदीवर उगवलेली टाचणीच्या डोक्याएवढी भूछत्रे दिसतात, पानाच्या जाळीदार सांगाड्यावरून चालणारा मिलिमीटरभर लांबीचा स्प्रिंगटेल दिसतो. अशा बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढणे म्हणजे मॅक्रो छायाचित्रण. मोबाइलला लावता येणारी छोटी भिंगे मिळू लागल्यापासून हा छंद बऱ्याच जणांच्या आवाक्यात आला आहे. असा फोटो देखणा तर असतोच, पण काही पथ्ये पाळली तर तो विज्ञानाच्या उपयोगाची नोंदही ठरतो. पथ्ये सोडली, तर जंगलाचे नुकसान होते आणि कधी कधी फोटो काढणाऱ्याच्या तब्येतीचेही.

पाचोळा हा जंगलाचा कचरा नव्हे. झाडाने जमिनीतून घेतलेले नत्र, स्फुरद, पालाश पानगळीबरोबर खाली येते. ते पुन्हा मुळांपर्यंत पोहोचवतात ते या थरातले जीव. गांडुळे, वाळवी आणि अनेक किडे पाने कुरतडून बारीक करतात. लाकडाला ताठपणा देणाऱ्या लिग्निनचे विघटन फार थोड्या जिवांना जमते. ते काम मुख्यतः बुरश्यांचे. आपल्याला दिसणारे भूछत्र हे जणू बुरशीचे फळ. तिचे खरे शरीर बारीक तंतूंच्या रूपात लाकडात आणि मातीत पसरलेले असते. ओल्या ओंडक्यावर पिवळ्या जाळीसारखी दिसणारी श्लेष्मबुरशी, म्हणजे स्लाइम मोल्ड, नावाने बुरशी असली तरी प्रत्यक्षात वेगळ्याच कुळातली. मेंदू नसलेला हा जीव चक्रव्यूहात ठेवला तर अन्नाकडे जाणारी जवळची वाट काढतो, हे जपानमधील संशोधकांनी २००० मध्ये दाखवून दिले.

जवळून काढलेला फोटो किती मोलाचा ठरू शकतो, याचे उदाहरण शेजारच्या कर्नाटकातले आहे. जून २०२३ मध्ये कुद्रेमुखच्या पायथ्याशी, कारकळ भागात, रस्त्याकडेला साचलेल्या पाण्यात निसर्गनिरीक्षकांना सोनेरी पाठीचे बेडूक दिसले. त्यातल्या एकाच्या कुशीवर चक्क इवलेसे भूछत्र उगवले होते आणि बेडूक जिवंत होता. फोटो पाहून जाणकारांनी ते मायसेना गटातले असल्याचे सांगितले. हा गट एरवी कुजणाऱ्या लाकडावर आणि पाचोळ्यावर वाढतो. जिवंत बेडकाच्या अंगावर भूछत्र उगवल्याची नोंद त्याआधी निरीक्षकांच्या माहितीत नव्हती. २०२४ मध्ये ही नोंद शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मात्र बेडूक पकडून तपासलेला नव्हता. त्यामुळे बुरशी त्वचेत किती खोल गेली होती, तिचा बेडकाला त्रास होत होता का, हे समजू शकले नाही. फोटोने प्रश्न उभा केला, उत्तर देणे त्याच्या आवाक्यात नव्हते.

याच मायसेना गटातल्या काही बुरश्या अंधारात उजळतात. भीमाशंकरच्या जंगलातल्या अशा चमकत्या लाकडांचे फोटो दर पावसाळ्यात फिरतात. ल्युसिफेरिन नावाच्या रसायनाची विकराच्या मदतीने ऑक्सिजनशी प्रक्रिया होते आणि त्यातून थंड, हिरवट प्रकाश बाहेर पडतो. फोटोत तो झगझगीत हिरवा दिसतो. प्रत्यक्षात तिथे गेलेल्यांना मात्र फिकट, पांढरट उजेड दिसतो आणि तोही डोळे अंधाराला सरावल्यानंतर. कारण मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी फारशा काम करत नाहीत. कॅमेरा मात्र कित्येक सेकंद, कधी काही मिनिटे, प्रकाश साठवत राहतो. फोटो खोटा नसतो, पण तो किती वेळाचा आहे हे लिहिले नाही तर पाहणाऱ्याचा गैरसमज होतो.

जवळून फोटो काढण्याची दुसरी अडचण भिंगाची. वस्तूची प्रतिमा सेन्सरवर वस्तूएवढीच उमटते, तेव्हा स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. भूछत्राची कड स्पष्ट आली की देठ धूसर होतो. यावर उपाय म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवून फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढायचे आणि ते संगणकावर जोडायचे. त्याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. वारा नसलेली सकाळ आणि जमिनीलगत बसणारा छोटा ट्रायपॉड असेल, तर हे काम सोपे होते.

पण विज्ञानासाठी स्पष्टतेइतकीच संदर्भाचीही गरज असते. भूछत्र कशावर उगवले, लाकडावर, शेणावर की मातीत? झाड कोणते? तारीख, ठिकाण, आकार काय? शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून एक फोटो घ्यावा. टोपीच्या खालच्या बाजूच्या पट्ट्या ओळखीसाठी महत्त्वाच्या असतात. त्यासाठी भूछत्र उपटण्याची गरज नाही, खाली छोटा आरसा धरला की त्या दिसतात. फोटो नीट यावा म्हणून भोवतालची पाने साफ केली, बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर बसवला, तर त्या फोटोतली माहितीच निघून जाते. शिवाय उलटलेला ओंडका तसाच राहिला, तर त्याखालची ओल सुकते आणि तिच्यावर जगणारे जीवही मरतात. त्यामुळे हललेली गोष्ट होती तशी ठेवावी. अभयारण्यात फोटो काढायचे असतील, तर वन विभागाचे नियम आणि परवानगी याबाबत आधी विचारणा करावी.

आता प्रश्न फोटो काढणाऱ्याचा. ओंडक्याखाली, दगडाच्या फटीत हात घालू नये. फुरसे किंवा घोणस पाचोळ्याच्या रंगात मिसळून जाते. बसण्यापूर्वी काठीने जागा तपासावी. साप चावल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, थेट रुग्णालय गाठावे. जळू चावल्यावर थोडा वेळ रक्त वाहते, पण सहसा धोका नसतो.

याहून सहज नजरेआड होणारा धोका स्क्रब टायफसचा आहे. झुडपे आणि उंच गवतात राहणाऱ्या चिगर नावाच्या सूक्ष्म किड्यांच्या अळ्यांमार्फत हा आजार पसरतो. अळी जेमतेम ०.२ मिलिमीटरची असते आणि तिचा चावा बहुधा जाणवतही नाही. २०१८ मध्ये विदर्भात या आजाराचे बरेच रुग्ण आढळले होते. चाव्यानंतर साधारण दहा दिवसांनी ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. काही रुग्णांच्या काखेत, जांघेत किंवा कमरेवर सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते. ती दुखत नसल्याने लक्षात येत नाही. डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेत सुरू केले, तर रुग्ण बरा होतो. उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो. लस उपलब्ध नाही.

म्हणून जमिनीवर आडवे होताना प्लास्टिकची चादर अंथरावी, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँटचे पाय मोज्यांत खोचावेत. किडे दूर ठेवणारे मलम लावले असेल, तर त्या हातांनी बेडकाला मुळीच स्पर्श करू नये, कारण त्याची त्वचा रसायने शोषून घेते. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि अंघोळ करून अंग तपासावे. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, तर तो साधा व्हायरल समजून अंगावर काढू नये. जंगलात कोणत्या दिवशी आणि कुठे बसलो होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. फोटोखाली तारीख आणि ठिकाण लिहून ठेवलेले असेल, तर ती माहिती तेव्हा शोधावी लागत नाही.