गेट व्हॉल्व्हची निवड आणि आडवी बसवणी

गेट व्हॉल्व्ह ही नळवाहिनीतील प्रवाह पूर्ण सुरू किंवा पूर्ण बंद करण्यासाठी वापरली जाणारी झडप आहे. महाराष्ट्रातील पाणीपुरवठा योजनांमध्ये ती स्लुइस व्हॉल्व्ह या नावानेही ओळखली जाते. नळ आडवा, दांडा उभा आणि चाक वर ही तिची सर्वांत अनुकूल स्थिती होय. जागेची अडचण, उभा नळ किंवा खोदकामाची मर्यादा यांमुळे दांडा आडवा अथवा तिरपा ठेवावा लागतो. अशी बसवणी निषिद्ध नाही. मात्र उभ्या दांड्यासाठी घडवलेला मोठा व्हॉल्व्ह केवळ कुशीवर टाकल्यास तो एका बाजूने झिजतो आणि कालांतराने पूर्ण बंद होत नाही. त्यामुळे दांड्याची दिशा खरेदीपूर्वीच ठरवणे आवश्यक असते.

रचना आणि भाराची दिशा

व्हॉल्व्हमध्ये पाचरीच्या आकाराचे दार दांड्याच्या साहाय्याने सरकते. उघडल्यावर ते वरच्या बॉनेटमध्ये जाते. दांडा उभा असताना दाराचे वजन दांड्यावर लटकते आणि दोन्ही बाजूंच्या मार्गदर्शक खाचांवर फारसा भार येत नाही. दांडा कलला की वजनाचा काही भाग खाचांवर येतो. उभ्या रेषेपासून 30 अंश कलल्यास निम्मे, 45 अंशांत सुमारे 70 टक्के, तर 90 अंशांत संपूर्ण वजन खाचांवर किंवा बैठकीवर पडते.

आडव्या दांड्याचे दोन प्रकार संभवतात. नळ आडवा असल्यास दार आपल्या कडेवर उभे राहून खालच्या खाचेतून घसरते. नळ उभा असल्यास दार सपाट पडते आणि खालच्या बैठकीवर घासते. दुसऱ्या प्रकारात पाण्याच्या दाबाची दिशाही महत्त्वाची असते. 300 मिमी व्यासाच्या बंद दारावर 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे 700 किलोग्रॅम वजनाइतका असतो. त्यापुढे दाराचे स्वतःचे वजन किरकोळ ठरते. परंतु वाहिनी रिकामी असताना किंवा दोन्ही बाजूंचा दाब समान असताना दार केवळ वजनाने घासते.

चाक खाली असलेली स्थिती

दांडा आडव्या रेषेच्याही खाली झुकवणे शक्यतो टाळले जाते. या स्थितीत बॉनेट तळाशी येऊन त्यात गाळ व गंज साचतो आणि दार पूर्ण उघडत नाही. ग्लँडमधून होणारी गळती थेट चाकावर व चालवणाऱ्या व्यक्तीवर येते. वाफेच्या वाहिनीत बॉनेटमध्ये थंड झालेले पाणी साठते. बंद व्हॉल्व्ह पुन्हा तापल्यास हे कोंडलेले पाणी प्रसरण पावून दार दोन्ही बैठकींत घट्ट अडकवू शकते किंवा बॉनेटला इजा पोहोचवू शकते.

निवडीचे निकष

* दाराचा प्रकार: अखंड पाचरीचे दार कललेल्या स्थितीत तुलनेने भरवशाचे असते. दोन तबकड्यांच्या दारात तबकड्या पसरवणारी यंत्रणा गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असू शकते, म्हणून उत्पादकाची लेखी संमती घेतली जाते.
* व्यास: लहान व्हॉल्व्ह आडवे बसवण्यात सहसा अडचण येत नाही. मोठ्या व्यासांत दाराखाली रूळ, त्यासाठी पट्टी आणि पट्टीवरील गाळ खरवडणारी पाती आवश्यक ठरते.
* पाण्यातील गाळ: धातूच्या बैठकीच्या व्हॉल्व्हमध्ये तळाशी खाच असते. गढूळ पाण्यासाठी रबर आवरणाचे दार आणि सपाट तळ असलेला प्रकार सोयीचा असतो.
* चालवण्याची सोय: आडवा दांडा जमिनीवरून चावीने फिरवायचा असल्यास दिशा 90 अंशांत वळवणारा बेव्हल गिअरबॉक्स लागतो.

पाणीपुरवठ्याच्या स्लुइस व्हॉल्व्हसाठीचे भारतीय मानक आयएस 14846 हे 50 ते 1200 मिमी व्यासांना लागू आहे. त्याहून मोठ्या वाहिन्यांवर सामान्यतः बटरफ्लाय व्हॉल्व्ह वापरले जातात.

मराठवाड्यातील संदर्भ

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुक्यात असलेल्या देवगाव रंगारीसह मराठवाड्याचा बराचसा भाग बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. खडक थोड्याच खोलीवर लागल्यास चर उथळ राहतो आणि उभ्या दांड्याचा व्हॉल्व्ह रस्त्याच्या पातळीखाली मावत नाही. तेव्हा तो कुशीवर टाकण्याचा मोह होतो. दुसरीकडे, टंचाईमुळे अनेक गावांत पाणी भागवार व ठरावीक वेळी सोडले जाते. त्यामुळे व्हॉल्व्ह वारंवार चालतो, वाहिनी वारंवार रिकामी होते आणि पहिल्या प्रवाहाबरोबर गाळ येतो. आडव्या व्हॉल्व्हला मारक ठरणाऱ्या या तिन्ही बाबी एकत्र येतात. दार पूर्ण न बसल्यास एका भागाचे पाणी दुसरीकडे झिरपते आणि शेवटच्या वस्तीला कमी दाबाने पाणी मिळते. अशा ठिकाणी चेंबर रस्त्याच्या कडेला घेऊन त्याची उंची वाढवणे हा अनेकदा अधिक टिकाऊ पर्याय असतो.

बसवणी आणि तपासणी

मागणीपत्रात नळाची दिशा, दांड्याची दिशा, दाबाची बाजू आणि गिअरबॉक्स किंवा मोटरचे वजन नमूद केले जाते. व्हॉल्व्ह चाकाला किंवा दांड्याला न बांधता मुख्य अंगाला पट्टा लावून उचलतात. बसवताना दार बंद ठेवल्यास बैठकीवर कचरा जात नाही. फ्लँज समांतर आणून बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी टप्प्याटप्प्याने आवळले जातात. आडव्या दांड्यावरील जड मोटर बॉनेटला वाकवते. म्हणून तिला स्वतंत्र आधार दिला जातो. मात्र तो नळाच्या प्रसरणाला अडथळा ठरू नये.

चर बुजवण्यापूर्वी व्हॉल्व्ह पूर्ण उघडून व बंद करून चाकाचे फेरे मोजले जातात आणि नोंदवून ठेवले जातात. पुढे फेरे कमी भरू लागल्यास खाचेत गाळ साचल्याचे किंवा दार अडकत असल्याचे लक्षात येते. आडव्या स्थितीत ग्लँडचे पॅकिंग खालच्या बाजूने अधिक झिजते, त्यामुळे त्याची तपासणी उभ्या व्हॉल्व्हपेक्षा कमी अंतराने केली जाते.