शंभरपैकी दहा गुण छातीला

तारापूर औद्योगिक वसाहतीत 21 ऑगस्ट 2025 ला वायुगळतीने चार कामगारांचा जीव घेतला. त्याची बातमी झाली. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, रात्री वास सुटला की मळमळतं, अशा तक्रारी घेऊन शेजारच्या बोईसरच्या दवाखान्यात बसलेल्यांची कधी होत नाही. एक्स-रे साफ, रक्त नॉर्मल. मग ‘टेन्शन घेऊ नका’ आणि अ‍ॅसिडिटीची गोळी.

परिसराचं निदान मात्र पक्कं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी देशात पहिलं आलं. मेख या गुणपत्रिकेतच आहे. लोकांच्या आरोग्याला शंभरपैकी दहा गुण, तेही परिसरातल्या तीन ते पाच मोठ्या रुग्णालयांत रुग्ण किती टक्क्यांनी वाढले एवढं पाहून. नाक्यावरच्या डॉक्टरकडे जाणारा ठेक्याचा कामगार या हिशेबात येतच नाही.

लोकांचा संशय आधी जातो तारापूरच्या अणुवीज केंद्रावर. ते 1969 पासून वीज देतं आणि त्याच्याभोवतीचं पाणी, मासळी, दूध नियमित तपासलं जातं. कारखान्यांच्या रासायनिक वासाचं तसं नाही. तक्रार रात्री होते, पाहणी सकाळी. तोवर वारा फिरलेला असतो.

वासाच्या धास्तीनेही छाती धडधडते, हे मान्य. मोबाइलच्या लहरींनी त्रास होतो म्हणणाऱ्यांना चाचणीत लहर चालू की बंद, हे ओळखता आलं नव्हतं. पण त्रास खोटा नव्हता. शिवाय बोईसरमध्ये हवेत खरोखरच काहीतरी असतं, त्यामुळे त्या चाचणीचा निष्कर्ष इथे आणून चिकटवणं मला तरी पळवाट वाटते.

अशा वेळी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांसारखा हट्टी माणूस लागतो. विंचूदंशावर हयात घालवलेले हे डॉक्टर. 2024 च्या डिसेंबरपासून शेगाव तालुक्यात लोकांचे केस मुठीने गळू लागले, तेव्हा पाणी, बुरशी, शाम्पू असे तर्क चालले होते. बावस्करांनी बाधितांचे केस, रक्त, लघवी तपासायला दिली, तीही पदरच्या पैशाने. सेलेनियम भरमसाट, जस्त कमी. मग रेशनचा गहू तपासला. त्यात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. ‘गूढ आजार’ निघाला ताटातल्या पोळीत. त्यांच्या निष्कर्षावर वाद घालता येईल, पण वाद घालायला हातात आकडे तरी आले.

बोईसरचं काम त्याहून अवघड आहे. सेलेनियम केसात साठून राहतं. औषध आणि रंगांच्या कारखान्यांत वापरलं जाणारं टोल्युइन जेमतेम दिवसभरात लघवीवाटे बाहेर पडतं. बावस्कर स्वतः दुसऱ्या दिवशी डहाणू लोकलने उतरले तरी त्यांच्या हाती फारसं काही लागायचं नाही. नमुना वास असतानाच, रात्री घ्यावा लागेल, आणि दहा-बारा वस्त्यांतून. त्याला बाटल्या, फ्रीज आणि रात्रपाळीचा एक तंत्रज्ञ लागतो. पर्यावरण भरपाईपोटी इथल्या कारखान्यांवर हरित लवादाने 2022 मध्ये कोट्यवधींची आकारणी केली. एवढा खर्च त्यातून सहज भागेल.